आईच्या गळ्यातली ढाल

गळ्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आईने न उघडताच माझ्या हातात दिला. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच येतो, कारण कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिच्या थायरॉइडवर गाठ आहे एवढंच मला कळलं. बाकीचं कळत नाही, हे सांगायची भीती वाटली. "उद्या नीट बघून सांगते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत जाड शब्दकोश काढला. थायरॉइड हा शब्द मूळचा ग्रीक. दाराएवढ्या उंच ढालीला ते लोक जे म्हणायचे, त्यावरून गळ्यातल्या या ग्रंथीला नाव पडलं. मी ते सगळं वहीत उतरवलं. शब्दाचं मूळ सापडलं म्हणजे आजारही कळला, असं घाटकोपरला उतरेपर्यंत मला खरंच वाटत होतं.

आई भाकरी थापत होती.

"काय लिवलला आसा?"

"थायरॉइड म्हणजे ढाल."

तिचा हात थांबला. "मगे ढालीकच गाठ इली? वायट आसा काय गं ती?"

"ते मला नाही कळलं, आई."

ती रागावली नाही. "सोमवारी डॉक्टरकडे तूच विचार. माका भिया वाटता."

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न लिहायला आई झोपेपर्यंत थांबवेना. वहीच्या त्याच पानावर, ढालीच्या खाली, मी मराठीत लिहिलं : ही गाठ कॅन्सरची आहे का? आई भाकरीचं ताट घेऊन आली. मराठी तिला वाचता येतं. मी वही मिटली.