शिवाचं बाशिंग

आमच्या ड्रॉइंगमास्तरांइतका लोकांच्या कपाळांचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या बेळगावात शोधून सापडला नसता. दिवसा ते कॅम्पातल्या शाळेत पोरांकडून फुलदाण्या काढून घ्यायचे आणि उरलेला सगळा वेळ नवरदेवांसाठी कागदी बाशिंगं करायचे. सोनेरी कागद, बेगड, खळ, आणि घडी घालून एका दमात कातरलेले मोर! रस्त्यात कुणी नमस्कार केला की खिशातून दोरा निघालाच. मी सातवीत असताना भर खडेबाजारात त्यांनी माझं कपाळ मोजून दोऱ्याला गाठ मारून ठेवली. "मास्तर, मी अजून वाढणार की," म्हटलं तर म्हणाले, "डोस्कं वाढतंय रं. कपाळ हाय तेवढंच ऱ्हातंय." एकदा तर त्यांनी बाशिंगांचं प्रदर्शन भरवलं. बाशिंगं छतावरून कपाळाच्या उंचीवर टांगलेली. बघणाऱ्यानं पुढे होऊन कपाळ टेकवायचं, ही म्हणे नवी कला. एकही गृहस्थ पुढे होईना. शेवटी एक वकील म्हणाले, "एकदा बांधून बघितलंय मास्तर, तेवढं पुरे झालं." मास्तरांनी त्या वकिलांशी पुढे वर्षभर अबोला धरला.

या सगळ्यांत देखणं बाशिंग मात्र घरातच होतं, त्यांच्या एकुलत्या एका शिवासाठी केलेलं. शिवा माझ्याच वर्गातला. दर दिवाळीला त्यात एक मोर वाढायचा. लग्न ठरण्याआधी बाशिंग करू नये म्हणतात. मास्तर नुसते हसायचे. आणीबाणी उठली त्या वर्षी शिवाला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी तो गेला. त्याच्या आईनं सगळ्या गल्लीदेखत हंबरडा फोडला, "तुमच्या कात्रीनं खाल्लं माझ्या लेकराला!"

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, तेव्हा तेच बाशिंग घेऊन ते आमच्या दारात आले. "वैनी, ह्येला एकदा तरी कपाळ मिळू दे." आई दार अडवून उभी राहिली. "मेलेल्या पोराचं बाशिंग माझ्या लेकाला? न्हाय मास्तर, पाया पडते तुमच्या." मी आतच उभा होतो. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते. मास्तर "बरोबर हाय तुमचं," म्हणून परतले आणि चार दिवसांत नवं बाशिंग घेऊन आले. मांडवात त्यांनीच ते बांधलं, आणि जरा घट्टच बांधलं.

पुढे गल्लीत लग्नांवर लग्नं झाली, बाशिंगं सगळी मास्तरांची. त्यांचे डोळे गेले तेव्हा मी भेटायला गेलो. शिवाच्या फोटोखालची, त्याच्या बाशिंगाची खुंटी रिकामी होती. मी विचारलं तशी मास्तर किती दिवसांनी हसले. "वाटून टाकलं. दर नवऱ्याच्या बाशिंगात एकेक मोर घातला. कुणाला सांगू नगंस, पोरं चांगली नांदत्यात." मग हात पुढे करून त्यांनी माझं कपाळ चाचपलं. "पयला तुझ्याच बाशिंगात घातला. मधला, मोठा. काय झालं व्हय रं तुला?"

मास्तर जाऊन आता तीन वर्षं झाली. माझं बाशिंग अजून देव्हाऱ्यावरच्या तुळईला बांधलेलं आहे. परवा आई जळमटं काढत होती. मोराला लागू नये म्हणून फडकं अगदी हळू फिरवत म्हणाली, "मास्तरांचा हात लई चांगला हुता रं." मी व्हय म्हटलं, आणि तिचं स्टूल धरून उभा राहिलो.