तिच्या पायाची पट्टी

मैत्रिणीचा नवरा गेला, त्यानंतर काही दिवसांनी मी तिच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. गॅस कुठे नोंदवायचा, वीजबिल कधी भरायचं, पेन्शनच्या अर्जाला काय काय जोडायचं, शुगरच्या गोळ्या सकाळी कोणत्या आणि रात्री कोणत्या. शेवटची ओळ लाल पेनाने लिहिली होती : अनवाणी चालू नये. तिला बरीच वर्षं शुगर होती आणि डॉक्टर दर खेपेला हे बजावत. मला असे कागद करायला आवडतात. दूध संस्थेच्या कार्यालयात माझी आजवरची नोकरी त्यातच गेली. कागद तिच्यासाठी होता, पण त्यावरची कामं मीच करायला लागले.

ती कसबा बावड्यात, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. माहेर सीमेकडचं, घरात निम्मं कन्नड, म्हणून माझ्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान असूनही मला अक्का म्हणायची. नवरा होता तोवर घरी ब्लाउज शिवायची. स्कूटर घेऊन एकटी कबनूरला जायची आणि मागे कापडाचे गठ्ठे बांधून आणायची. वाटेत कोणी आडवा आला तर गाडी थांबवून त्याचा उद्धार करायची. पुढे मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मी म्हटलं, थोडे दिवस तू कुठे बाहेर पडू नकोस, मी आहे. थोड्या दिवसांची वर्षं झाली. स्कूटर दारात धूळ खात पडलेली बघवेना, म्हणून गिऱ्हाईक शोधून तीही मीच विकली. तिने मुकाट्याने किल्ली काढून दिली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. तुला किती कळतंय."

हे वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं.

मग माझ्या छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट यायचा होता. नवरा घाबरला की गप्प होतो, तसा गप्प झाला. ती मात्र अंबाबाईच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. रिपोर्ट चांगला आला तर सगळं नवरात्र पायात चप्पल घालणार नाही.

रिपोर्ट चांगला आला.

आमच्याकडे नवरात्रात अनवाणी राहणारे घरोघरी असतात. बँकेतला साहेब इस्त्रीच्या पँटखाली उघड्या पायांनी काउंटरवर उभा असतो, कोणी वळूनही बघत नाही. त्यामुळे तिच्या नवसाचंही कोणाला नवल वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं. लाल अक्षरं माझीच होती. पण माझ्यासाठी आजवर कोणी पायातली चप्पल काढली नव्हती. मी तिला थांबवलं नाही. म्हणाले, "मग मीही काढते."

रोज सकाळी दोघी देवळात चालत जायचो.

"अक्का, तुझं पाय म्हंजे ऑफिसातलं पाय," ती म्हणायची. "खडा लागला की नाचतीस नुसती."

"आणि तुझे?"

"माझं बरं हाय. मला कळतच न्हाय."

आम्ही रस्त्यात हसत सुटायचो. शुगरने तिच्या तळव्यांची जाणीव गेली होती. हे दोघींना माहीत होतं, तरी हसायचो.

दसऱ्याला सोनं द्यायला तिच्याकडे गेले, तर पांढऱ्या फरशीवर स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तांबडे ठिपके होते. तिला पत्ता नव्हता. अंगठ्याखाली काच घुसली होती. मी तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं, काच काढून घेतली, आणि पट्टी कशी बांधायची ते नीट बघून घेतलं. दर खेपेला त्यांच्याकडे कशाला यायचं? मला जमण्यासारखं होतं. गॉझ, मलम, चिकटपट्टी, हातमोजे असा एक डबा मी तिच्या कपाटात तयार करून ठेवला.

त्या संध्याकाळी मला अजून आठवतात, आणि वाईट वाटतं ते हे की चांगल्या म्हणून आठवतात. ऑफिसातून मी थेट तिच्याकडे जायची. ती चहा टाकून वाट बघत असायची. टीव्हीवर मालिका लागलेली, तिचा पाय माझ्या मांडीवर. मी हळूहळू जुनी पट्टी सोडवायची आणि ती दिवसभराचं सगळं सांगायची. घरी माझी अशी वाट कोणी बघत नव्हतं. जखम चार दिवस सुकायची आणि पुन्हा ओली व्हायची. मी म्हणायची, "कमी होतंय." ती म्हणायची, "तुझा हात चांगला हाय."

नवरा एकदा म्हणाला, "जखम हाय का पाव्हणी? दिवाळी झाली तरी जाईना."

मी त्याच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडवताना वास आला. अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला विचारलं, "काय होतंय?"

"दसऱ्यापासून जखम आहे. रोज ड्रेसिंग करते. ताप नाही," मी सांगितलं.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"हो. आठवड्याच्या मी डबीत भरून देते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "यांना बोलता येतं ना?"

"येतं की," मीच म्हणाले.

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर मी पर्स मांडीवर घेऊन बसले. तिच्या सगळ्या फाइली माझ्याच पिशवीत होत्या. आत फक्त ती होती. मला वाटलं, ती काय सांगणार, तिला स्वतःचं वजनसुद्धा ठाऊक नाही.

मला आत बोलावलं तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. तिने सगळं सांगून टाकलं होतं. रात्रीची गोळी ती दिवाळीआधीपासून बेसिनमध्ये टाकत होती. मी घरी गेले की पट्टी सोडायची आणि तशीच फरशीवर फिरायची. शुगर इतकी वाढली होती की डॉक्टरीणबाईंनी आकडा पुन्हा तपासून घेतला होता.

"का गं?" मी विचारलं.

"बरी झाली असती तर तू आली असतीस व्हय रोज?"

मला राग यायला पाहिजे होता. पण पोटात कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं माझं मलाच कळलं, आणि मग मात्र मी घाबरले. तिने जखम उघडी ठेवली होती आणि मी रोज ती झाकायला जात होते. दोघींनी मिळून ती सांभाळली होती.

अंगठा काढावा लागला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता उरलेला पाय वाचवायचा आहे. रोज तळवा आरशात धरून बघायचा, आणि तो यांनी स्वतः बघायचा."

"मी बघते की," मी म्हणाले.

"तुम्ही नसाल त्या दिवशी?"

"मी असतेच."

"तेच तर मी म्हणतेय."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रिक्षात मी तेच घोळत राहिले. घरी सोडल्यावर मी तिला सांगितलं की पट्टी आता तू बांधायचीस, डबी तू भरायचीस, मी रविवारी येत जाईन. ती आधी हसली. मी बोलते ते खरं आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "माझा अंगठा कापला आणि तुझी सुट्टी झाली, व्हय? चांगलं हाय की."

पुढचे महिने वाईट गेले. सकाळी फोन, दुपारी फोन. गॅस संपला, मुलगा बोलत नाही, चक्कर येतेय. मी ऐकायची आणि म्हणायची, "मग काय करणार आहेस?" हा प्रश्न तिला शिवीसारखा लागायचा. ती फोन आपटायची. गल्लीत सांगत सुटली की मी मतलबी निघाले, नोकरीचा माज आला. जिचे कागद मी केले होते अशी एक शेजारीण मला रस्त्यात टाळायला लागली.

आणि मी? ऑफिस सुटलं की पाय आपोआप तिच्या गल्लीकडे वळायचे. घरी येऊन मी धुतलेले डबे पुन्हा धुवायची. एका सहकारी बाईचं मुलीशी पटत नव्हतं, तर मी तिला रोज जेवणाच्या सुट्टीत आणि मग घरून फोनवरही सल्ले द्यायला लागले. नवऱ्याने फोनवरचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "नवीन पेशंट?"  त्या बाईला मी पुन्हा फोन केला नाही.

उन्हाळ्यात एका सोमवारी ऑफिसात तिचा फोन आला. "शेजारचं बोट लाल दिसतंय. ये."

माझा हात पर्सवर गेला होता. पाय गेला तर जन्मभर तो माझ्या माथ्यावर राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि गेले, तर पुन्हा त्या संध्याकाळी सुरू होणार, हेही दिसत होतं.

"आरशात बघ," मी म्हणाले. "सूज आहे का? ओलं आहे का? असलं तर आत्ताच रिक्षा कर आणि दवाखान्यात जा."

"तू येणार न्हाईस?"

"नाही."

"मरू दे मग मला," असं म्हणून तिने फोन बंद केला.

मी त्या दिवशी ऑफिसात बसून राहिले. काम केलं, पण काय केलं ते सांगता येणार नाही. संध्याकाळी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि परत फिरले. फोन केला नाही. हे धैर्य होतं की निष्ठुरपणा, हे मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी गेले तेव्हा ती खुर्चीत बसली होती, पायाला नवी पट्टी. ते बोटही काढलं होतं. फोन ठेवल्यावर तीच रिक्षा करून गेली, डॉक्टरीणबाईंशी बोलली, कागदावर सही केली. मुलगा पुण्याहून आला आणि दोन दिवस राहून गेला. आणखी एक दिवस गेला असता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता, असं तिला सांगितलं होतं.

"मला कळवायचंस तरी," मी म्हणाले.

"कळवून काय? आरशात बघ म्हणाली असतीस."

ती हसली नाही. मीही नाही.

यंदाचं नवरात्र नुकतंच झालं. मी चप्पल घालूनच देवळात गेले, एकटी. अष्टमी रविवारी आली होती, म्हणून तिथून तिच्याकडे गेले. ती दाराशी उजेडात बसून हातातला आरसा तळव्याखाली फिरवत होती. मी वाकले तसा तिने पाय साडीखाली ओढून घेतला.

"बघितलाय मी," ती म्हणाली. "ठीक हाय."

तिने चहा केला. दोघींनी प्यायला. पूर्वीसारखं ती काही सांगत नाही. मला अक्काही म्हणत नाही, उन्हाळ्यापासून एकदाही नाही. शिलाई मशिनवर झाकलेलं कापड मात्र काढलेलं दिसलं. त्याबद्दल मी विचारलं नाही. निघताना ती जाड तळव्याच्या चपला घालून फाटकापर्यंत आली, जरा लंगडत.

"पुढच्या रविवारी येऊ नको," ती म्हणाली. "मी कबनूरला जाणार हाय. कापड बघायला."

कोणत्या बसने, कोण सोबत आहे, गठ्ठा कोण उचलणार, गोळी बरोबर घेशील ना. सगळं माझ्या तोंडात आलं होतं. तीही वाट बघत होती, विचारते का ते.

"बरं," मी म्हणाले, आणि फाटक ओढून घेतलं.