अनवाणी कॅप्टन

जवळा बाजारच्या मुख्य रस्त्यावर भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत जाताना दिसे. आधी बँकेचा फलक, मग कडुलिंबाचं झाड, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचं बॅनर. परगावचा पाहुणा थांबून बघायचा. मग कुणीतरी त्याला सांगायचं, "थे कॅप्टन हायेत. भारताची टीम जिंकली की चप्पल घालणार हायेत." पाहुणा विचारायचा, "क्रिकेटची का?" "न्हाई, फुटबॉलची." यावर पाहुणा आधी कॅप्टनच्या पायांकडे आणि मग तोंडाकडे बघायचा. हे कॅप्टन म्हणजे माझे धाकटे दीर.

आमच्या भागात चप्पल सोडणं नवीन नाही. कुणी नेत्याला तिकीट मिळावं म्हणून सोडतो, कुणी मुलाला नोकरी लागावी म्हणून. काम झालं की गावातला मानाचा माणूस नवी जोडी आणतो, चारचौघांत ती त्याच्या पायात घालतो, फोटो निघतो आणि गावाच्या ग्रुपवर पडतो. या सगळ्यात लोक एक शहाणपण पाळतात. जे होण्यासारखं आहे त्यासाठीच चप्पल सोडायची. कॅप्टननी ती भारताच्या फुटबॉल संघासाठी सोडली.

त्या वर्षाच्या सुरुवातीलाच संघ एका मोठ्या स्पर्धेत सगळे सामने हरून घरी आला होता. बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात लोक हसले. कॅप्टननी चप्पल काढून बाकाखाली सरकवली आणि जाहीर केलं, "भारताची टीम एक म्याच जिंकंल तव्हाच पायात घालीन." संध्याकाळपर्यंत ती चप्पल कुणीतरी नेलीसुद्धा. दिवाळीला घेतलेली, चांगली चामड्याची होती.

त्यांना कॅप्टन का म्हणत, हेही सांगते, कारण नाव ऐकून लोकांचा फार मोठा गैरसमज होतो. शाळेत असताना कसल्याशा योजनेतून एकच फुटबॉल आला होता आणि शाळेचं कुलूप मोडकं असल्यामुळे गुरुजींनी तो आमच्या घरी ठेवायला दिला. ज्याच्या घरी बॉल तो कॅप्टन. पुढे तो बॉल बाभळीच्या काट्यावर फुटला, नाव मात्र राहिलं. धड एक सामना ते आयुष्यात खेळले नाहीत. विचारलं तर म्हणत, "खेळ पायात नसतो वहिनी, डोक्यात असतो."

"मग शिक्षा पायाला काहून?" मी विचारलं होतं.

आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मालाची यादी, उधारीवाल्यांना फोन, गाडी कधी येणार, हमाल कोण, हे सगळं मी बघते. आमच्या यांच्याकडे शेती असते आणि गिऱ्हाईक कॅप्टनकडे असायचं. म्हणजे गिऱ्हाईक त्यांच्या तावडीत असायचं. साखऱ्याहून एक जण सरकीच्या पिशव्या घ्यायला आला होता. कॅप्टननी काउंटरवर औषधाच्या बाटल्या मांडून त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावलं. तो बिचारा दोन बस सोडून ऐकत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "थे समदं बराबर हाय कॅप्टन, मव्हं बियाणं द्या."

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग कॅप्टनना शुगर निघाली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, टेबलाखाली वाकून त्यांचे पाय बघितले आणि म्हणाले, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. तुमच्या तळव्यांना आता लागलेलं कळत नाही. कळेल तेव्हा पाय कापायची वेळ आलेली असेल." कॅप्टननी त्यांना शपथेचं सांगितलं. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून मी फुटबॉलमध्ये लक्ष घातलं. दुकानाच्या कॅलेंडरवर खताच्या गाड्यांच्या शेजारी लाल पेनाने संघाचे सामने लिहिले. गोल कुणी केला, कसा केला, याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. एक विजय हवा होता, कुठलाही, कुणाही विरुद्धचा. तो मिळाला की पाय सुटला. देवाला हात जोडावेत इतकी मोठी मागणी ही नव्हती, असं मला वाटलं. संघ मला नीट माहीत नव्हता, म्हणून वाटलं.

तो माहीत होत गेला. परदेशात एक सामना बरोबरीत सुटला. कॅप्टन खुशीत दुकानात आले. म्हणाले, "बरोबरी म्हंजी अर्धी जीत, वहिनी."

"मग एका पायात घाला," मी म्हणाले.

पुढच्याच सामन्यात आपण घरच्या मैदानावर हरलो, तेही ज्या संघाला कॅप्टन आठवडाभर किरकोळ म्हणत होते त्याच्याकडून. मग एक मोठा जुना खेळाडू निवृत्त झाला. त्याच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी कॅप्टन जेवले नाहीत. तोही बरोबरीत. मग प्रशिक्षकाला काढलं. कॅप्टननी पेढे आणले, म्हणाले, "आता बघा." नवा प्रशिक्षक आला. बघितलं. पुन्हा बरोबरी, पुन्हा हार. दर वेळी कारण तयार असे: तिथली हवा, इथली हवा, गवत लांब, गवत आखूड, पंच विकलेला. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "टीम बनून राहिली, वहिनी."

मी दुकानात बसून मोबाइलवर दोन-तीन सामने पूर्ण बघितले. अकरा धडधाकट माणसं दीड तास धावतात आणि एक चेंडू जाळीत घालू शकत नाहीत. तेवढ्या वेळात आमचे हमाल आख्खा ट्रक रिकामा करतात, वर चहा पितात. "बनून राहिली म्हणता," मी कॅप्टनना म्हणाले, "एवढ्या दिवसांत माणसाचं घर बांधून होतं, रंगसुद्धा लागतो." ते हसले. हसताना डाव्या पायाने उजव्या पायाची पोटरी घासायची त्यांना सवय लागली होती. तळवे वहाणेच्या तळासारखे काळे पडले होते.

मी जाड मोजे आणून दिले. ते घालू का, हा प्रश्न कॅप्टननी हॉटेलात नेऊन मांडला. तिथे निवृत्त तलाठीसाहेब, टायरच्या दुकानाचा शेषराव आणि असेच आणखी काही बिनकामाचे न्यायाधीश रोज बसत. त्यांनी दोन चहा होईपर्यंत चर्चा केली आणि निकाल दिला की मोजा म्हणजे कापडी चप्पलच, चालणार नाही. कॅप्टननी मोजे मला घडी घालून परत आणून दिले.

पावसाळा सरला. सोयाबीनची कापणी झाली, आणि हार्वेस्टरवाल्याने काही शेंगा सोडल्या का बघायला कॅप्टन शेतात जाऊन आले. ज्यांनी सोयाबीनच्या धसकटांतून चालून बघितलंय त्यांना सांगायला नको. चप्पल घालूनसुद्धा माणूस जपून पाय टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची फरशी पुसून घेतली होती. थोड्या वेळाने बघते तर काउंटरपासून गोदामापर्यंत लाल ठसे. "भावजी, हे काय?" मी विचारलं. कॅप्टन वाकून फरशीकडे बघायला लागले. रक्त कुणाचं आहे, हे तेही शोधत होते.

डॉक्टरांनी तळव्यातून धसकटाचा तुकडा काढला. कॅप्टन छताकडे बघत शांत पडून होते, आणि त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "एखादं बोट बहुतेक जाईल. पाय ठेवायचा असेल तर आजपासून चप्पल. नाही तर पुढच्या वेळी मी नाही, मोठा सर्जन बघावा लागेल."

घरी यांनी समजावून बघितलं. "घाल रं. घरात कोण पाहून राहिलं?"

"घरातलं सोड दादा. रस्त्यानं जाईन तर सारं गाव हसंल. एवढी गोष्ट एका माणसाकडून धकली न्हाई म्हणतील."

"आन पाय गेल्यावर काय म्हणतील?"

मी कॅलेंडर बघितलं. संघाचा पुढचा सामना महिनाभराने होता, आणि त्या संघावर मी आता आठाण्याचाही भरवसा ठेवत नव्हते.

मी हॉटेलात गेले. तलाठीसाहेबांना म्हणाले की तुमच्यासमोर शपथ घेतलीय, तुम्हीच सोडवा. तलाठीसाहेबांनी बशीतला चहा संपवला. "वहिनीसाहेब, शपथ म्हंजी शपथ. आमी कोण सोडवणारे?" त्यांच्या पायात मोजे होते, मोज्यांवर चकचकीत बूट होते. वर्षभर त्यांना फुकट करमणूक मिळाली होती. ती कोण कशाला सोडेल.

घरी येऊन, पुढचा सामना निदान कुणाशी आहे ते तरी बघावं म्हणून मी मोबाइल उघडला, आणि भारताच्या विजयाची बातमी दिसली. आधी मला जुनी बातमी वाटली. मग नीट वाचली. आपल्या मुलींचा संघ होता. शेजारच्या देशात स्पर्धा चालू होती आणि मुलींनी समोरच्या संघाला चांगलं धुतलं होतं. मी आणखी मागे जाऊन शोधलं. त्याच वर्षी, होळीच्याही आधी, एका परदेशी स्पर्धेत त्या जिंकल्या होत्या. म्हणजे फुटबॉलचं सगळं कळणारा हा माणूस आख्खा उन्हाळा उगाच डांबरावर भाजून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शुगरवाल्यांसाठी मऊ तळाची चप्पल मिळते, ती घेऊन मी थेट हॉटेलात गेले. कॅप्टन पट्टी बांधलेला पाय बाकावर लांब करून बसले होते. मी चप्पल त्यांच्यापुढे ठेवली. "घाला. भारत जिंकला."

सगळे मोबाइल काढायला लागले. मी बातमी दाखवली. तलाठीसाहेबांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "ही तर पोरींची टीम. ही कशी धरायची?"

"काहून? त्या दुसऱ्या देशाकडून खेळल्या का?"

"तसं न्हाई, पण टीम म्हणलं की..."

"तलाठीसाहेब, सातबाऱ्यावर लेकीचं नाव लागतं का न्हाई?"

शेषराव खो-खो हसला. "त्यांच्या न्हाई लागत, वहिनी. त्यांनी दोन्ही लेकींच्या हक्कसोडावर सह्या घेऊन मोकळं केलं." आता बाकीचेही हसले. तलाठीसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

कॅप्टन मात्र हसले नव्हते. "बघू द्या," म्हणून त्यांनी माझा मोबाइल घेतला आणि सामन्याची चित्रफीत लावली. भोवती बाजाराचा गोंधळ, आणि हा माणूस मान खाली घालून बघतोय. मध्येच स्वतःशी म्हणाले, "पास कसा देऊन राहिल्या बघ." संपल्यावर विचारलं, "याच्या आधीबी जिंकल्या व्हत्या?"

"होळीच्या आधी."

त्यांनी आपल्या पट्टीकडे बघितलं. "मला म्हाईतच न्हवतं, वहिनी," म्हणाले. फुटबॉलमधली एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मानाच्या माणसाने चप्पल घालायची असते, पण तिथे मान शिल्लक असलेलं कुणी मला दिसेना. म्हणून मीच वाकले. कॅप्टननी झटक्यात पाय मागे घेतला. "तुमी न्हाई. तुमी मोठ्या हायेत." आणि स्वतःच, पट्टीच्या पायाला जपत, चप्पल घातली. फोटो कुणी काढला नाही.

अंगठ्याशेजारचं बोट गेलंच. पाय राहिला. पुरुषांचा संघ त्या वर्षी शेवटपर्यंत एकही सामना जिंकला नाही, हे इथे नोंदवून ठेवते. त्याच्या भरवशावर बसलो असतो तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. कॅप्टन आता मुलींचेही सामने बघायला लागले आणि त्यांच्याही हरण्याची कारणं शोधायला लागले. त्या बाबतीत त्यांनी भेद केला नाही.

मी एक नियम घातला. रोज सकाळी शटर वर करण्याआधी कॅप्टननी खताच्या पोत्यावर बसून दोन्ही तळवे दाखवायचे. मी मोबाइलच्या उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. हात लावू द्यायचे नाहीत. "पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी तसं झालं," म्हणून रोज कुरकुरायचे आणि रोज दाखवायचे.

गेल्या पौषात ते गेले. संध्याकाळी काउंटरवरच छातीत दुखलं आणि हिंगोलीला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंगणात माणसं जमली. तलाठीसाहेब आले आणि देशासाठी चप्पल सोडणारा माणूस गेला, असं चार जणांना सांगत उभे राहिले. कॅप्टनना आंघोळ घालून हे माझ्याजवळ आले आणि ओले हात तसेच धरून म्हणाले, "पाय चांगले व्हते त्याचे. जखम न्हाई, भेग न्हाई."

"असणारच," मी म्हणाले. "सकाळीच बघितले होते मी."