कुलपातलं वाय-फाय

माझं वधू-वर सूचक केंद्र बिबवेवाडीत होतं, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बाहेर मी आणि येणारे पालक, आत संगणक. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. पत्रिका बघणं, स्थळांच्या वह्या ठेवणं, सगळं करत करत शिकले. वह्या गेल्या आणि संगणक आला तेव्हा तोही शिकले. निदान मला तसं वाटत होतं.

वाय-फाय घेतलं तेव्हा तो राऊटरचा डबा मी लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. हसू नका. आमच्या घरी पूर्वी फोनच्या तबकडीला छोटं कुलूप असायचं, सासऱ्यांनी तर पुढे फोनसाठी लाकडी पेटीच करून घेतली होती. चांगली वस्तू कुलपात, ही अंगवळणी पडलेली गोष्ट. कपाटाच्या पाठीला भोक पाडून वायरी आत घेतल्या, किल्ली माझ्या कमरेला. शेजारच्या क्लासची मुलं फुकट वापरतील, असं मी सगळ्यांना सांगायचे.

खरं कारण निराळं होतं. आतल्या खोलीत नुकतीच एक बाई कामाला ठेवली होती. अमरावतीकडची, चाळिशीची, नवरा कारखान्यात. ती आपल्या मुलांसाठी सिनेमेबिनेमे उतरवून घेईल, असं माझ्या डोक्यात बसलेलं. का, म्हणाल तर काही नाही. नवी होती, परगावची होती, एवढंच.

स्थळांचे फोटो आणि पत्रिका पालकांना पाठवायच्या, हे तिचं काम. माझं टेबल कपाटाला चिकटून, त्यामुळे माझ्या मोबाईलवर कसंबसं चालायचं. आत मात्र काही पोचत नव्हतं. ती दोनदा सांगायला आली की आत रेंज नाही, डबा बाहेर ठेवून बघू का. मी म्हटलं, "माझ्याकडे येते ती तुमच्याकडे कशी येत नाही? तिला तुमची भाषा कळत नसेल." समोर बसलेले पालक हसले. तीही थोडं हसली. ते हसणं मला अजून दिसतं.

मग ती मोबाईल घेऊन जिन्यात जायला लागली. दिवसातून पाच-सहा वेळा. माझ्या मनात आलं, माहेरी गप्पा चालल्यात. त्यात एका मुलाच्या आईने तक्रार केली की फोटो वेळेवर येत नाहीत. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं बसलेली असताना मी तिला सांगितलं, "जिन्यातच बसायचं असेल तर एक तारखेपासून येऊ नका."

ती एवढंच म्हणाली, "पोरीचं बारावीचं वर्ष आहे जी."

"मग घरी बसून अभ्यास घ्या तिचा," मी म्हटलं. हे मी बोलले. कुणी माझ्या तोंडी घातलं नाही.

त्याच दुपारी मी इंटरनेटवाल्या माणसाला बोलावलं होतं. 'सगळं ठीक आहे' असं मला त्याच्याकडून तिच्यासमोर वदवून घ्यायचं होतं. तो मोबाईल हातात धरून दोन्ही खोल्यांत फिरला आणि राऊटर कुठाय म्हणून विचारलं. मी कपाट उघडलं. फायलींच्या गठ्ठ्यांमागे तो डबा बघून तो म्हणाला, "काकू, मुरायला ठेवलाय का?"

मग त्याने समजावलं. लोखंडात कोंडल्यावर सिग्नल बाहेर पडतो कुठून? कुणी ठेवला इथे?

मी किल्ली कमरेला अडकवत बसले. अडकवायला केवढा वेळ लागतो! दारातून तीच म्हणाली, "बाहेर जागा नव्हती ना जी."

त्याने डबा दोन खोल्यांमधल्या दारावर उंच लावून दिला. आत सगळं भराभर उघडायला लागलं. इतके दिवस कसं पाठवत होता, असं त्याने तिला सहज विचारलं. ती म्हणाली, "जिन्यात जाऊन, माझ्या मोबाईलच्या नेटवरून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं सांगितलं.

तो गेला. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मग एक तारखेपासून येऊ का मी?"

'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मनात तयारही होते. आणि तोंडातून काय निघालं, तर, "या. या वेळी सोडून देते मी."

सोडून देते! अपराध माझा आणि माफी मी तिला देतेय. ती "बरं जी" म्हणाली आणि आत जाऊन कामाला लागली. तिला नोकरी हवी होती, दुसरं काय म्हणणार.

पुढे तीन वर्षं होती ती माझ्याकडे. काम चोख, बोलणं अदबीचं. फक्त त्या दिवसापासून तिने डबा आतच खायला सुरुवात केली. त्याआधी आम्ही दोघी माझ्या टेबलावर जेवायचो. एकदा मी माझा डबा घेऊन आतल्या दारापर्यंत गेले. तिने लगेच कागद बाजूला सारून जागा केली, खुर्चीही पुसली. मी उभीच. म्हणाले, "कालच्या स्थळाचे फोटो गेले का?"

"गेले जी."

आणि मी डबा घेऊन परत फिरले.