चाकं टेकल्यावरच आवळायचं

देवीनं कौल दिला नाही, तेव्हा मला पहिला संशय आला तो दीनूचा.

आमच्या गावाकडे, देवगडच्या बाजूला, मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार समजतात. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूनं तिची नजर चालली होती आणि उरलेली किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगत नव्हते. दिसतंय तोवर एकदा देवीचं तोंड बघायचं आणि ओटी भरायची, एवढंच तिचं मागणं होतं. तिनं गुरवाला फोन लावला. तीन वेळा पाकळी डावीकडे पडली. मग गुरवानं एकेक कारण विचारलं, आणि ‘घरातलं माणूस दुखावलंय का’ म्हटल्याबरोबर उजवी पडली. तो फोनवर म्हणाला, “काकी, देवी म्हणता, तेका आधी मोकळा करा. मग येवा.”

मी बाजूलाच होतो. फोन ओढून घेतला आणि देवीला चांदीचे डोळे कबूल केले. पुन्हा डावी. पैठणी कबूल केली, मग सगळ्या गावाला जेवण. मी बोरिवलीत प्लंबिंगच्या सामानाचं दुकान काही नसताना उभं केलंय. समोरचा अडला की आपण थोडं थोडं वाढवत जायचं, कधीतरी तो हो म्हणतोच, हे माझं आयुष्यभराचं शिक्षण. देवीशीही मी तेच करत होतो. ती ऐकेना, तेव्हा मनात आलं की दीनूनं गुरवाला आधीच फोन केला असणार.

दीनू म्हणजे माझा मामेभाऊ. त्याचं जोगेश्वरीला गाड्यांचं गॅरेज आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश बदलले होते. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती बसवलेलं जाड रबर, खड्ड्यांचा दणका तेच सोसतं. चार महिन्यांत ते फाटले आणि गाडी खडखडायला लागली. मी तडक त्याच्या गॅरेजवर गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, “घरच्याच माणसाला डुप्लिकेट माल लावलास ना रे?” तो एक शब्द बोलला नाही, आणि मला वाटलं, चोर म्हणूनच गप्प आहे. त्यानंतर जिथे दीनू, तिथे मी नाही. गावच्या जत्रेला तो दरवर्षी जातो, म्हणून मी जाणं सोडलं, आणि माझ्यामुळे आईचंही राहिलं. तिनं त्याबद्दल मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो.

कौल नसला तरी मंगळवारी निघायचं, असं मी जाहीर केलं. आईला दुसऱ्या गाडीत उलट्या होतात, माझ्या सोळा वर्षांच्या जुन्या गाडीत मात्र ती पुढच्या सीटवर बसून झोप काढते. पण नंतर दुसरीकडून बदलून घेतलेले बुशही आता गेले होते आणि घाटात स्टिअरिंग ओढलं असतं. दोन मेकॅनिकांशी माझं पैशांवरून वाजलं. मग म्हटलं, आपणच करू. शनिवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले आणि पुढची चाकं काढली. एक बोल्ट सुटला. दुसरा बुशच्या नळीतच गंजून बसला होता, तो हलेना. मी पान्यावर दोन फुटी पाइप चढवला आणि सगळा जोर लावला. देवीचा, दीनूचा, मेकॅनिकांचा, सगळ्यांचा राग त्या पाइपवर होता.

“ओ शेठ, डोकं तुटेल.”

मागे कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी म्हणालो, “कुणाचं, माझं?”

“बोल्टचं. तुमचं आधीच तापलंय.”

सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंचे ते वडील. गोवंडीहून लेकीकडे आले होते, पण लिफ्टचं काम चालू असल्यानं खाली अडकले होते, कारण गुडघ्यांमुळे जिने चढता येत नव्हते. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. त्यांनी मला बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारायला लावलं आणि म्हणाले, “आता चहा मागवा.” अर्धा तास त्यांनी मला पाना हातात घेऊ दिला नाही. मग हातोडीनं हलकं ठोकायला सांगितलं, आणि सोडवायच्या आधी तो बोल्ट किंचित आवळायला लावला. मी हुज्जत घातली. ते म्हणाले, “त्याला आधी त्याच्या बाजूनं जाऊ द्या जरा.” पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. तिसऱ्या खेपेला बोल्ट करकरला आणि चक्क हातानं फिरला. दुसऱ्या बाजूचा आर्मही मी तसाच सोडवला. गल्लीतल्या वर्कशॉपमधून जुने बुश दाबून काढून नवे बसवून आणले, दोन्ही आर्म जागेवर लावले, आणि मी घाईघाईनं बोल्ट आवळायला घेतले.

“थांबा,” ते म्हणाले. “गाडी अशी लटकलेली असताना आवळायचं नाही. चाकं लावा, त्यांच्याखाली ठोकळे द्या, तिचं वजन तिच्या पायावर येऊ द्या. मग आवळा. लटकत्या गाडीचं आवळलं की खाली उतरल्यावर रबर पिळून राहतं. चार महिन्यांत फाटतं.”

“माल चांगला असला तरी?”

“माल सोन्याचा असू दे.”

मी पाना हातात धरून तसाच गाडीखाली पडून राहिलो. तीन वर्षांपूर्वीची दुपार मला जशीच्या तशी दिसली. तिकडे माझ्या दुकानात एक बिल्डर येऊन थांबला होता आणि इकडे गॅरेजमध्ये मी दीनूच्या डोक्यावर उभा होतो. तो म्हणाला होता, “दादा, गाडी खाली घेऊन आवळतो, वीस मिनिटं लागतील.” आणि मी म्हणालो होतो, “वरच्या वर आवळ रे, नाटकं नकोत.” हे शब्द माझे होते. तीन वर्षांत ते मला एकदाही आठवले नव्हते.

तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली. म्हातारबाबा उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, “आता जमेल तुम्हाला.” त्यांना काय द्यावं हे मी मनात ठरवत होतो, तोवर दार बंदही झालं. लिफ्टचं काम एक दिवस आधी झालं असतं तर ते खाली बसले नसते, एवढंच मी सांगू शकतो. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

चाकं टेकवून बोल्ट आवळले आणि दुपारी तीच गाडी घेऊन जोगेश्वरीला गेलो. गॅरेजमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, “दीनू, माल तुझा चांगला होता. मीच तुला वरच्या वर आवळायला लावलं. चूक माझी.”

तो हळूच म्हणाला, “दादा, लोक बघतायत.”

“तेव्हाही बघत होते.”

तो कापडाला हात पुसत राहिला. मग माझ्या गाडीखाली वाकला आणि नवे बुश बघून म्हणाला, “या वेळी खाली घेऊन आवळलंस काय रे?”

“हो.”

“मग तीन वर्षं कशाला घालवलीस, बावळटा?” मी मोठा भाऊ, धाकट्यानं असं बोललेलं मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकलं. तो टॉर्च लावून दोन्ही बाजूंचे बोल्ट तपासत होता. आतूनच ओरडला, “मंगळवारी मी पण येतंय. घाटात तू चालवू नकोस. चिडलास की ब्रेक विसरतोस.”

आम्ही तिघं निघालो. आई पुढे झोपली, मी मागे बसलो. देवळात दीनूनं आईचा हात धरून तिला गाभाऱ्यासमोर उभं केलं. तिनं चाचपडत ओटी भरली. मग बराच वेळ समोर बघत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “समई दिसता रे. तोंड नाय दिसत. तू सांग मला, कशी दिसता ती.”

तीन वर्षांपूर्वी तिला ते तोंड स्वच्छ दिसलं असतं. ते माझ्यामुळे गेलं, आणि ते परत आणून देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी देवीकडे बघितलं. लहानपणापासून तिच्यासमोर शेकडो वेळा उभा राहिलो, पण दरवेळी मनात एक मागणं आणि त्यावर काय द्यायचं याचा विचार. तोंड असं कधी पाहिलंच नव्हतं. मी सांगायला लागलो. आई, कपाळ रुंद आहे. नथ जराशी वाकडी बसलीय. डाव्या गालावर कुंकू ओघळलंय. हिरवं लुगडं आहे, खांद्यावर अबोलीचा गजरा घसरलाय. डोळे मोठे आहेत, रागावलेले वाटतात, पण खालून बघितलं तर तसे नाहीत. आई मान डोलवत होती. “हां. तशीच आसा,” ती म्हणाली. “अजून सांग.”

मला घाई नव्हती. मी सांगत राहिलो.