सहीवरचं कुंकू

आदिलाबादच्या फ्रेमवाल्याकडे मी बसलो होतो, तेव्हा ते म्हातारे गृहस्थ आले. टॉवेलात गुंडाळलेला फोटो त्यांनी काढला आणि टॉवेलाच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

जुना, काळा-पांढरा फोटो. तंबोऱ्याला गाल टेकवून बसलेले एक बुवा. खाली शाईची सही आणि तिच्यावर लाल डाग.

"वडील का?" मी विचारलं.

"नाही. बंदिशी रचत हे. जवानीत मी त्यायच्या मांगं तंबोरा धरत होतो. तवा सही करून देल्ली." त्यांनी डागाजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. "काच फुटली होती. दिवाळीले सुनेनं वल्लं कुकू फोटोलेच लावलं. सही पसरली."

"तिला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? माहा बाप समजून हात जोडते ते. मनापासून जोडते. बाप नाही, हे घरात सांगून सांगून थकलो आता."

आवाजात राग नव्हता. राग येऊन, बसून, कधीचा निघून गेला असावा.

फ्रेमवाल्याने काच कापता कापता, मान वर न करता विचारलं, "चाचा, हार कौनसा लगाऊं? चंदन का?"

ते फ्रेमवाल्याकडे वळले. मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगतील.

"चंदन का," ते म्हणाले. "पन छोटा लगाव. सही पे नक्को आने दो."