नऊच्या पाढ्याचा खांब

अकरा वाजता इमारत तपासायला इंजिनिअर साहेब येणार होते, आणि साडेनऊला मला कळलं की आमच्या शाळेच्या व्हरांड्यातला एक खांब आतून पोकळ आहे.

सांगितलं ते सुतारभाऊंनी. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. मीच निरोप धाडला होता, की वर्गाचं दार घासतंय, साहेब यायच्या आत जरा रंधा मारून द्या. दार आटोपून ते निघाले आणि जाता जाता हातोडीच्या दांड्यानं एकेक खांब ठोकत गेले. सात खांब खणखणीत वाजले. आठव्याशी ते थांबले, पुन्हा ठोकलं, कान लावला.

“बाई, इकडं या. ठोकून पाहा.”

मी ठोकलं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. त्या खांबाला काय झालं आणि कोणामुळे झालं, हे मला त्याच क्षणी समजलं.

आमची शाळा सावली गावाच्या पुढे, वैनगंगेकडच्या धानपट्ट्यात आहे. मालगुजारीच्या काळातली इमारत. जागा मालगुजारानं, त्या वेळच्या जमीनदारानं, दिली, सागवान आलापल्लीच्या जंगलातून बैलगाड्यांवर आलं आणि काम सुतारभाऊंच्या आजोबांनी केलं. दीड हात जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती. वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर दोन टप्प्यांत, मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते. मे महिन्यात चंद्रपूरकडचं ऊन कसं असतं ते ज्यानं सोसलं त्यालाच त्या फटीची किंमत कळते. समोर लांब व्हरांडा, बारा खांबांचा. प्रत्येक खांब एका घडीव दगडावर, तळखड्यावर, उभा. तळखडा जमिनीच्या चांगला वीतभर वर. मी इथे पहिलीत आले तेव्हा त्या दगडांवर बसून आम्ही चिंचोके खेळायचो. पुढे याच शाळेत मुख्याध्यापिका होऊन आले आणि पहिलं काम काय केलं, तर ते दगड गाडले.

सुंदर शाळेची स्पर्धा होती. मी हट्टाला पेटले. व्हरांड्याची जमीन उंच करून गुळगुळीत फरशी बसवली. प्रत्येक खांबाभोवती सिमेंटचा कट्टा घातला, मुलांना बसायला. खांबांना ऑइलपेंट आणि त्यावर पाढे, दोनपासून तेरापर्यंत. तेव्हा सुतारभाऊ म्हणाले होते, “बाई, खांबाचा पाय कोरडा पायजे. दगड बुडवू नोका.” राग माझ्या नाकावर कायमच असतो. चार माणसांसमोर मी त्यांना म्हटलं, “भाऊ, सागवान हाय ते. त्याले काय होते? जंगलातल्या माणसाले मी सांगू काय?” सगळे हसले. कारण आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सागवानाला काही होत नाही. दहा पिढ्या सागवानाच्या सावलीत काढलेल्या माणसांची ही श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला कोणी ठोकून बघत नाही. सुतारभाऊ हातोडी उचलून निघून गेले. आम्हाला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला.

नऊच्या पाढ्याच्या खांबाशेजारी हात धुवायचा नळ आहे. खिचडीच्या आधी पोरं तिथे रांग लावतात. तीन वर्षं ते पाणी कट्ट्याच्या भेगेतून खाली झिरपत होतं आणि खांबाचा पाय त्यात उभा होता. त्याच खांबाला टेकून चौथीचा वर्ग बसत होता.

शाळा समितीचे अध्यक्ष सकाळपासून हजर होते. मी त्यांना सांगितलं तर ते माझ्यावरच खेकसले. “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमी बोलूच नोका. साहेबाले चहा पाजा, फोटो काढू द्या, जाऊ द्या.”

ते उगाच म्हणत नव्हते. शेजारच्या गावातली शाळा धोकादायक ठरली, निर्लेखन झालं, म्हणजे सरकारी कागदावरून ती रद्द झाली, इमारत पाडली. नव्या खोल्या येईपर्यंत म्हणून पोरांना समाजमंदिरात बसवलं. खोल्या आल्याच नाहीत. पोरं एकेक करून दुसरीकडे गेली, पट घसरला आणि शाळेला कुलूप लागलं. एका खांबाच्या नावानं आमचंही तेच होणार, हे मला दिसत होतं.

सुतारभाऊ नळाशी उभे होते. मी विचारलं, “तुमी सांगता काय साहेबाले?”

“मी कशाले सांगू? शाळा तुमच्या ताब्यात हाय.”

साहेब आले. तरुण होते, घाईत होते. अजून तीन शाळा बघायच्या होत्या. रंगवलेले खांब बघून खूश झाले. मोबाइलवर फोटो काढले, भिंतीवर हात फिरवला, म्हणाले, “मॅडम, जुनी आहे पण मेंटेन छान केलीय. ‘वापरास योग्य’ लिहितो. इथे सही करा.”

पेन माझ्या हातात होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू डोळ्यांनीच सही करून घेतील. समोर नऊच्या खांबाला पाठ लावून चौथीतली एक पोरगी दप्तरातून वही काढत होती. मला तिथून तिला खेचून काढावंसं वाटलं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि स्वतःची इतकी लाजही.

“साहेब, तो खांब सडलाय,” मी म्हटलं. “माझ्यामुळे सडलाय.”

“हात दाखवून अवलक्षण,” अध्यक्ष पुटपुटले आणि चपला घालून निघून गेले.

साहेबांनी खांब ठोकला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, आता मला निर्लेखनच लिहावं लागेल. तेव्हा कुठे सुतारभाऊ पुढे झाले. “साहेब, पाय सडला म्हणून माणूस जाळत नाई. आठ दिवस द्या.” “आठच दिवस,” साहेब म्हणाले. मग फॉर्म कोराच घडी करून खिशात ठेवला.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरं समाजमंदिरात बसवली. पाचव्या दिवशी दोन घरची माणसं दाखला मागायला आली. मी त्यांना चहा दिला, दाखला दिला नाही. गावात लोक मला बघून वाट बदलत. इकडे सुतारभाऊंनी दोन बाजूंना ऐनाच्या लाकडाचे टेकू दिले, ट्रकचा जॅक लावून तुळई बोटभर उचलली, कट्टा फोडला आणि खांबाचा खालचा भाग कापून काढला. तो तुकडा मी उचलायला गेले तर हातात काळा चुरा आला. सड कट्ट्याच्या उंचीपर्यंतच होती. वरचं लाकूड तांबूस, करकरीत. कापलेल्या पायाच्या जागी त्यांनी गावच्या बुजलेल्या विहिरीच्या काठाचा उंच घडीव दगड बसवला. नळ अंगणात हलवला. आता फक्त टेकू काढायचे होते.

आठव्या दिवशी साहेब आले. अध्यक्षही आले, लांब चिंचेखाली उभे राहिले. सुतारभाऊ खांबाला पाठ लावून खाली बसू लागले. मी विचारलं, “हे काय?”

“आमच्या घरचा नेम हाय, बाई. टेकू निघते तवा ज्यानं काम केलं त्यानं खाली बसावं. आजा बसला, बाप बसला. लहाना भाऊ टेकू काढे, मी बसो.”

लहान भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. टेकू काढायला दुसरा जाणता हात गावात नव्हता, आणि चुकीच्या हातानं टेकू निघाला तर काय होईल, हे मलाही कळत होतं.

“उठा भाऊ,” मी म्हटलं. “टेकू तुमीच काढा. मी बसते.”

“बाई, हे सुताराचं काम.”

“काम तुमचं, चूक माझी. उठा म्हणते ना!”

ते उठले. मी पदर खोचून दगडाला पाठ लावून बसले. साहेब दोन पावलं मागं सरकून अंगणात गेले. मी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. पहिला टेकू निघाला. दुसऱ्याची पाचर त्यांनी हळूहळू ठोकली. एक, दोन, तीन. तुळई कण्हली. वरून माती माझ्या केसांत, डोळ्यांत पडली, एक कवेलू घरंगळत अंगणात फुटलं. मी डोळे मिटले. टेकू आडवा पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा साहेब उभ्याउभ्याच लिहीत होते. ‘दुरुस्ती झाली, वापरास योग्य.’ चिंचेखाली अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मला रडू येत होतं आणि मला तिथून उठायचं होतं.

“उठू का, भाऊ?”

सुतारभाऊंनी खांबाला कान लावला होता. “घाई नोका करू, बाई. त्याले बसू द्या.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं. ते हो म्हणेपर्यंत बसून राहिले.